एकास चार हजार

भूखंड क्रमांक बावन्न-ब, मानखुर्द.
नकाशावर गुलाबी, आत बारीक अक्षरांत : प्रसूतिगृह.
तो गुलाबी मीच भरला होता
नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून.
माझे केस गेले.
गुलाबी तसाच आहे.

प्रत्यक्ष जागेवर :
चाकं नसलेले तीन टेम्पो, ताडपत्रीखाली कुणाचं तरी सिमेंट,
मांडवाचे बांबू, आणि भिंतीच्या बुडाशी
लोकांनी लघवी करू नये म्हणून बसवलेले
सर्व धर्मांचे देव, टाइलवर.

टेपचं दुसरं टोक धरायला शिपाई आलाच नव्हता.
कुंदा मढवी आल्या, ओले हात पदराला पुसत.
"किती भरलं?"
म्हटलं, अठराशे चौरस मीटर.
"आम्ही आलो तेव्हाही एवढंच होतं.
माणसं तेवढी वाढली."

कचेरीत आम्ही माणसं हजारांत मोजतो.
इतक्या हजारांमागे शाळा, इतक्या हजारांमागे मंडई,
मेल्यावरसुद्धा इतक्या हजारांमागे एक ओटा.
वीस वर्षांनी किती असतील, तेही काढतो.
जे जन्मले नाहीत त्यांना आधी जागा देतो,
आणि मग तीच जागा
दुसऱ्या कुणाला.

हरकती-सूचनांच्या दिवशी प्रत्येकाला तीन मिनिटं.
वकील बोलले. बिल्डरचा माणूस बोलला, गोड.
वाचनालयासाठी आलेल्या चिटणीस मास्तरांचा
घसा खाकरण्यातच वेळ संपला.
कुंदाताईंनी शंभर पानी वही काढली.
आत बाळंतपणं. तारीख, आईचं नाव
आणि रिक्षाचा नंबर.
सतरा पोरं रिक्षात जन्मलेली,
कुणी पुलाच्या चढावर, कुणी टोलनाक्याच्या रांगेत.
"हा फारूक. याला सगळे मीटर म्हणतात.
झाला तेव्हा मीटर चालूच होता."
सभागृह हसलं. त्या नाही.
पुढच्या पानावर दोन नावांसमोर
नुसती रेघ होती. ती त्या वाचणार,
तेवढ्यात घंटा वाजली.

नोंद घेण्यात आली.

जिन्यात गाठलं त्यांनी मला.
"प्रसूतिगृह होईल तेव्हा होईल हो.
रिक्षा मिळते त्या नाक्यावर एक बाकडं तरी दाखवा.
भरल्या पोटाची बाई किती वेळ उभी राहील?"
मी समजावलं. ताई, हा नकाशा एकास चार हजार.
सहा फुटी बाकडं त्यात अर्धा मिलिमीटरही भरत नाही.
दाखवलं तरी दिसणार नाही.
"मग माप बदला."
एवढं बोलून त्या उतरल्या,
दर पायरीला गुडघ्यावर हात ठेवत.

माप बदलणं माझ्या हातात नसतं.
माझ्या हाती आला तो वेगळाच आदेश :
बावन्न-ब वरील आरक्षण नाल्यापलीकडे हलवावे.
क्षेत्र तेवढेच.
आता ब्रश लागत नाही. माऊसनं गुलाबी उचलला,
पलीकडे ठेवला.
काही वजनच लागलं नाही हाताला.
एवढ्या बायका होत्या त्यात.

पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय.
आज खण रिकामा करताना जुनी पेन्सिल सापडली,
झिरो पॉइंट फाइव्हची, शिसं अजून आत.
कागदाला टेकवली की उमटतो
बरोबर अर्धा मिलिमीटर.

छापून आलेली प्रत टेबलावर पसरली.
चष्मा कपाळावर चढवला, नाक कागदाला लागेतो वाकलो,
नाका शोधला.
टेकवली.

सूचीत त्याला रंग नाही, क्रमांक नाही.
सहीआधी कुणी साहेब फुंकर मारतील
धूळ समजून.

जाणार नाही.